थंडीत ट्रॅक्टर रुसला? आधी कान लावा, मग पाना घ्या

थंडी पडली की निफाडच्या पाऱ्याची बातमी ठरलेली. २०१८ च्या डिसेंबरअखेर तर तिथला पारा २ अंशांच्याही खाली उतरला होता. अशा दिवसांत द्राक्ष बागाईतदाराला पहाटे दोन काळज्या असतात. एक बागेची, दुसरी ट्रॅक्टरची. भुरीची फवारणी ऊन चढायच्या आत उरकायची असते. ब्लोअर जोडलेला, औषध कालवलेले, आणि ट्रॅक्टर मात्र घुर्र... घुर्र करून गप्प! "काल सांजच्याला तर चांगला चालत होता की!" असे म्हणत मालक पुन्हा सेल मारतो. पाच-सहा वेळा असे झाले की उरलीसुरली बॅटरीही उतरते. मग मिस्त्रीची वाट बघत नऊ वाजतात. औषध टाकीत आणि मजूर बांधावर!

शेतकरी बंधूंनो, दोष एकट्या थंडीचा नसतो. आधीचा झाकलेला बिघाड ती उघडा पाडते. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. आतली हवा सोळा-सतरा पट दाबली जाते, तापते आणि त्या उष्णतेवर डिझेल पेटते. थंडीत हवा मुळातच गार, ऑइल घट्ट, आणि शून्य अंशाजवळ बॅटरीची ताकद साधारण तिसऱ्या हिश्श्याने घटलेली. म्हणजे काम वाढते अन् बळ कमी होते. उन्हाळ्यात अर्धमेली बॅटरी निभावून नेते, थंडीत ती उघडी पडते.

आवाज काय सांगतो?

आधी साध्या गोष्टी बघा. इंजिन बंद करायचा नॉब ओढलेला राहिला नाही ना? डिझेलचा कॉक उघडा आहे ना? मग गिअर न्यूट्रलला टाका, क्लच पूर्ण दाबा, हेडलाईट लावा आणि सेल मारा.

लाईट एकदम मंदावली आणि इंजिन रडत फिरले किंवा नुसते 'कट् कट्' वाजले, तर बॅटरी किंवा तिची जोडणी कमजोर. लाईट तशीच लख्ख राहिली आणि एकदाच 'कट्' वाजले, तर संशय स्टार्टरवर आणि त्याच्या वायरवर. आवाजच आला नाही, तर चावीचा स्विच आणि क्लचजवळचा सेफ्टी स्विच तपासा.

बॅटरी दोषी वाटली तरी लगेच नवी घ्यायला पळू नका. टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी असेल तर कोमट पाण्यात खाण्याचा सोडा घालून धुवा, घासा, आवळा आणि वरून व्हॅसलीन लावा. वायर सोडताना आधी ऋण बाजूची सोडा, जोडताना ती शेवटी जोडा. चासीला जोडलेली अर्थिंगची पट्टीही बघा, ती बहुतेक वेळा विसरली जाते. मग हायड्रोमीटर लावा. काटा १२५० च्या वर असेल तर बॅटरी भरलेली. १२०० च्या आसपास म्हणजे निम्मी. सगळ्या घरांत सारखाच कमी असेल तर चार्जिंगने भागेल. एकाच घरात फार कमी असेल तर ते घर गेले, बॅटरी बदलावी लागेल.

धूर काय सांगतो?

इंजिन जोरात फिरते पण सुरू होत नाही, तर सायलेन्सरकडे बघा. धूरच नाही म्हणजे डिझेल पोचत नाही. टाकी, कॉक, फिल्टर असे क्रमाने तपासा. फिल्टरच्या भांड्यात साचलेले पाणी सोडा. लाईनने हवा धरली असेल तर ब्लीड स्क्रू ढिला करून हातपंप मारा, बुडबुडे थांबून सलग डिझेल आले की आवळा.

पांढरा धूर येत असेल तर डिझेल पोचते पण पेटत नाही. इंजिन हळू फिरत असेल तर पुन्हा बॅटरीकडे या. हीटर असलेल्या गाडीत तो तापतो का बघा. हे सगळे ठीक असूनही दर थंडीत त्रास वाढत असेल, तर कॉम्प्रेशन किंवा इंजेक्टर. तिथे मात्र मिस्त्रीच हवा.

ड्रममधल्या डिझेलचेही एक पथ्य आहे. मानकानुसार हिवाळी डिझेल ६ अंशांपर्यंत फिल्टरमधून वाहायला हवे. उन्हाळी डिझेलला ही मर्यादा १८ अंशांची आहे. म्हणून मे महिन्यात भरून ठेवलेला ड्रम थंडीआधीच संपवा.

हे करू नका

सेल एका वेळी दहा-पंधरा सेकंदांपेक्षा जास्त मारू नका. मध्ये मिनिटभर थांबा. डिझेल टाकीखाली किंवा इंजिनाखाली चिंध्या पेटवू नका. हीटर असलेल्या इंजिनात स्टार्टिंग स्प्रे मारू नका, भडका उडतो. काडी ओढून बॅटरीतले पाणी बघू नका, तिच्यातून निघणारा वायू पेट घेतो.

आणि सर्वांत मोठी चूक म्हणजे खाली उभे राहून पाना लावून स्टार्टर शॉर्ट करणे. अशा वेळी सेफ्टी स्विच कामाचा राहत नाही. गिअर पडलेला असला तर ट्रॅक्टर सुरू होताच थेट अंगावर येतो. अशाने माणसे दगावली आहेत. एक फवारणी चुकली तर ती दुसऱ्या दिवशी होते. माणूस परत येत नाही.

आदल्या संध्याकाळी

टाकी भरून ठेवा, म्हणजे आत दव धरून पाणी होत नाही. फिल्टरचे पाणी काढा. पुस्तकात सांगितलेल्या ग्रेडचेच ऑइल वापरा. ट्रॅक्टर शेडमध्ये, निदान ताडपत्रीखाली लावा. उतारावर लावणार असाल तर चाकाला ओंडका द्याच.

ग्रामपंचायतीचा टँकर, घंटागाडी यांनाही हेच लागू. सोसायटी किंवा ग्रामपंचायतीने एक हायड्रोमीटर आणि जाड जंपर केबलची जोडी घेऊन ठेवली, तर खर्च थोडा आणि गावातल्या अनेक पहाटा वाचतील. पहाटे सेल मारण्यापूर्वी मिनिटभर थांबा, कान द्या, धूर बघा. रोग कळला तर निम्मे काम झाले.