वाहन दुरुस्ती नोंदींचा शोध

वाहन दुरुस्ती नोंदींचा शोध म्हणजे गॅरेजच्या संगणकप्रणालीत साठवलेल्या जुन्या जॉबकार्डांमधून वाहनाच्या पूर्वीच्या दुरुस्त्यांची माहिती मिळवणे होय. जॉबकार्डावर साधारणतः दिनांक, तक्रार, धावलेले किलोमीटर, बदललेले सुटे भाग व मजुरी यांची नोंद असते.

शोधाचे निकष

नोंदणी क्रमांक हा प्रमुख निकष आहे. तेरखेडा (तालुका वाशी) ज्या धाराशिव जिल्ह्यात आहे, तेथील क्रमांक 'एमएच २५' ने सुरू होतात. तोच क्रमांक कधी जोडरेषेसह, कधी जोडरेषेविना लिहिल्यास एकाच वाहनाचा इतिहास विभागला जातो; म्हणून चिन्हे व रिकाम्या जागा वगळून शोध घेतात. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ४७ नुसार वाहन १२ महिन्यांहून अधिक काळ परराज्यात ठेवल्यास सर्वसाधारणपणे नवा क्रमांक घ्यावा लागतो. चासी क्रमांक मात्र तोच राहतो. आधुनिक वाहनांत तो १७ वर्णांचा असून, १ व ० यांच्याशी गल्लत टाळण्यासाठी त्यात आय, ओ व क्यू ही रोमन अक्षरे नसतात.

उपयोग व मर्यादा

तीच तक्रार वारंवार आढळल्यास सुटा भाग पुन्हा बदलण्याऐवजी मूळ दोष शोधता येतो. दिनांकानुसार लावलेल्या नोंदींत किलोमीटरचा आकडा घटलेला दिसल्यास मीटर बदलल्याची किंवा मागे फिरवल्याची शक्यता असते. जुने वाहन घेणाऱ्यास ही माहिती महत्त्वाची ठरते. तथापि, तेरखेड्यावरून जाणाऱ्या सोलापूर–धुळे महामार्गासारख्या मार्गांवर अन्य गॅरेजांत झालेली दुरुस्ती या प्रणालीत आपोआप येत नाही. त्यामुळे नोंद नसणे हा दुरुस्ती न झाल्याचा पुरावा ठरत नाही.