आतड्याच्या कर्करोगानंतरचे जीवन : स्त्री आणि पुरुष

भिलाईच्या पोलाद कारखान्यातील पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते सुरू झाली. सोव्हिएत साहाय्याने उभ्या राहिलेल्या या कारखान्याभोवती सेक्टरांची वसाहत वसली आणि तीत देशाच्या इतर भागांतील लोकांबरोबर मराठी कुटुंबेही येऊन राहिली. सेक्टर ९ मधील कारखान्याच्या जवाहरलाल नेहरू रुग्णालयात कामगाराप्रमाणेच त्याच्या कुटुंबीयांवरही उपचार होतात. रोग एक, शस्त्रक्रियाही एक. परंतु घरी परतणारा रुग्ण कामगार आहे की कामगाराची पत्नी, यावर पुढचे आयुष्य पुष्कळच अवलंबून असते.

गुदाशय हा मोठ्या आतड्याचा अखेरचा, सुमारे १५ सेंटिमीटर लांबीचा भाग होय. १९०८ साली इंग्लंडमधील शल्यविशारद अर्नेस्ट माइल्स यांनी पोट आणि गुदद्वार अशा दोन्ही बाजूंनी तो काढून टाकण्याची शस्त्रक्रिया वर्णिली. तिने जीव वाचू लागले, पण मलविसर्जनासाठी पोटावर कायमचे छिद्र, म्हणजेच स्टोमा, ठेवावे लागे. शिवाय मूत्राशयाकडे व जननेंद्रियांकडे जाणारे मज्जातंतू गुदाशयाला बिलगूनच जातात. पुरुषाच्या कटिराचा पोकळ भाग स्त्रीच्या मानाने अरुंद असतो. तेथे शस्त्र चालविणे अधिक कठीण. १९८२ साली बिल हील्ड यांनी गुदाशयाभोवतीचे मेदाचे वेष्टन अखंड काढण्याची पद्धत मांडली, तेव्हापासून हे मज्जातंतू वाचविणे पुष्कळ अंशी साध्य झाले. तरीही कित्येक पुरुषांच्या लिंगाची ताठरता उणावते. स्त्रीच्या बाबतीत किरणोपचाराने योनिमार्ग शुष्क व आकुंचित होतो आणि अंडाशये निकामी होऊन अकाली रजोनिवृत्ती येऊ शकते. पुरुषाचे दुखणे तो निदान डॉक्टरांपाशी बोलून दाखवितो. स्त्रीचे दुखणे बहुधा कोणी विचारीतच नाही.

हा न विचारण्याचा प्रश्न वाटतो तितका क्षुल्लक नाही. जीवनमान मोजण्यासाठी युरोपातील संशोधकांनी १९९३ साली ३० प्रश्नांची एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. तिची मराठी व हिंदी रूपेही आहेत. थकवा, निद्रानाश, बद्धकोष्ठता, मनाची उदासी यांविषयीच्या उत्तरांत स्त्रियांची स्थिती पुरुषांपेक्षा वाईट असल्याचे अनेक अभ्यासांत आढळले आहे, तर लैंगिक अडचणी पुरुष अधिक नोंदवितात. येथे दोन सावधगिरीच्या गोष्टी ध्यानात घ्याव्या लागतात. निरोगी स्त्रियाही निरोगी पुरुषांपेक्षा थकवा व निद्रानाश अधिक सांगतात; म्हणून स्त्री-रुग्णाची तुलना तिच्याच वयाच्या निरोगी स्त्रीशी व्हावयास हवी. दुसरे असे की, लैंगिक जीवनाविषयीचे प्रश्न स्त्रिया बऱ्याचदा कोरेच सोडतात. कोरी जागा म्हणजे त्रास नाही, असा अर्थ काढणे हा उघड प्रमाद होय.

ज्यांचे गुदद्वार वाचविता येते, त्यांनाही मलविसर्जनाची घाई, वारंवारता आणि वायू न आवरणे यांचा त्रास होतो. डेन्मार्कमधील संशोधकांनी २०१२ साली या त्रासाची तीव्रता मोजण्यासाठी केवळ पाच प्रश्नांची गुणपद्धती तयार केली. ४२ पैकी ३० वा त्यांहून अधिक गुण म्हणजे तीव्र त्रास. तीन पाळ्यांच्या कारखान्यात यंत्र सोडून वारंवार शौचालयाकडे धावणाऱ्या कामगाराला हे गुण समजावून सांगण्याची गरज नाही. स्टोमा असलेल्याची अडचण वेगळी. भट्टीजवळच्या घामाने पिशवीचे चिकट वलय सुटते आणि जड ओझे उचलल्यास छिद्राशेजारी अंतर्गळ होण्याचा धोका वाढतो. अशा कामगाराला हलके काम मागावे लागते. घरातील स्त्रीने हलके काम कोणाकडे मागावे? पाण्याची बादली, गव्हाचा डबा, कडेवरचे मूल ही तिची ओझी कोणत्याही नोंदवहीत चढत नाहीत. कित्येक घरांत तर पोटाला मळाची पिशवी लावलेल्या स्त्रीने स्वयंपाकघरात वा देवघरात शिरावे की नाही, हाच पहिला वाद होतो. वैद्यकीयदृष्ट्या या वादाला आधार नाही. पिशवी नीट बसली असेल आणि हात धुतलेले असतील, तर अन्नाला काहीही धोका नसतो.

चिकटणाऱ्या पिशवीची कल्पनाही एका परिचारिकेची. डेन्मार्कमधील एलिसे सोरेन्सन यांची बहीण शस्त्रक्रियेनंतर गळतीच्या भयाने घराबाहेर पडेनाशी झाली होती. तिच्यासाठी त्यांनी ही युक्ती १९५४ साली शोधली. आज मुंबईतील ऑस्टोमी असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था स्टोमा असलेल्या रुग्णांना मार्गदर्शन करते.

छिद्राची जागा शस्त्रक्रियेपूर्वीच ठरविण्याचा प्रघात आहे. ती रुग्ण आडवा असतानाच ठरविली, तर पुरुषाच्या पट्ट्याखाली किंवा स्त्रीच्या परकराच्या नाडीखाली नेमकी सापडते आणि दिवसभर नाडी काचत राहते. म्हणून जाणती परिचारिका रुग्णाला नेहमीचा वेश घालावयास सांगते. बसून, उभे राहून, वाकून पोटाच्या घड्या कोठे पडतात ते ती पाहते. साडी नेसलेल्या स्त्रीची नाडी कोठे येते हे पाहून, तिला स्वतःला दिसेल व हात पोहोचेल अशा ठिकाणी, ती शाईचा ठिपका काढते.