आपलो पक्ष खंयचो?

भाच्याने गेल्या वर्षी अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं. न्यू जर्सीत राहतो. मतदार नोंदणीचा अर्ज भरायला बसला आणि एका रकान्यापाशी अडकला: पक्ष कोणता? रविवारी सकाळी त्याचा व्हिडिओ कॉल आला. "मामानू, आपलो पक्ष खंयचो?" मी काही बोलायच्या आत बांगडे साफ करता करता बायकोने आतूनच उत्तर दिलं, "आपलो पक्ष बिक्ष काय नाय. आपली माणसां आसत."

सिंधुदुर्गाच्या राजकारणावर हजार शब्दांचा लेख लिहिला तरी याहून नेमकं काही हाती लागेलसं नाही. तरीही लिहितो आहे, कारण भाच्याचे पुढचे प्रश्न मुंबई-पुण्याचे पाहुणेही विचारतात आणि गंमत म्हणजे आमच्याकडची तरुण पोरंही. प्रश्न वेगवेगळे, पण प्रत्येकाच्या पोटात एक ऐकीव गोष्ट असते. ती बरेचदा अर्धीच असते.

"कोकण पहिल्यापासून शिवसेनेचंच."

हा सगळ्यात मोठा आणि सगळ्यात ठाम गैरसमज. १९५७, १९६२ आणि १९६७ या तीन निवडणुकांत आमच्या तेव्हाच्या राजापूर मतदारसंघाने लोकसभेत पाठवले ते बॅरिस्टर नाथ पै, वेंगुर्ल्याचे सुपुत्र आणि प्रजा समाजवादी पक्षाचे. जानेवारी १९७१ मध्ये ते गेले. त्यांच्या जागी आले मधु दंडवते. मूळचे अहमदनगरचे, मुंबईत सिद्धार्थ कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवणारे प्राध्यापक. ना इथली वाडी, ना इथला गाववाला. तरी १९७१ पासून १९८९ पर्यंत सलग पाच वेळा निवडून आले. १९८४ ची निवडणूक आठवा. इंदिरा गांधींच्या हत्येनंतरच्या लाटेत महाराष्ट्रातल्या ४८ पैकी ४३ जागा काँग्रेसने घेतल्या. राजापूर मात्र दंडवत्यांच्या मागे उभं राहिलं.

म्हणजे १९५७ ते १९९१ अशी ३४ वर्षं हा मुलूख समाजवाद्यांचा होता. १९९१ ला काँग्रेसचे सुधीर सावंत आले आणि १९९६ ला सुरेश प्रभूंच्या रूपाने सेनेचा पहिला खासदार. सेना स्थापन झाली १९६६ साली मुंबईत. ती इकडे आली चाकरमान्यांच्या ट्रंकेतून. लालबाग-परळच्या खोलीत राहणारा मुलगा शाखेत जायचा, गणपतीला गावी आला की तिथल्या गोष्टी सांगायचा. आई-बाप दंडवत्यांना मत द्यायचे आणि मुलगा शाखेची वर्गणी भरायचा, अशी घरं मी स्वतः पाहिली आहेत. त्यावरून घरात भांडण झालेलं मात्र आठवत नाही.

"माणूस पक्षाला मत देतो."

काही ठिकाणी देतही असेल. आमच्याकडचा हिशेब पाहा. नारायण राणे मालवणातून १९९० पासून २००४ पर्यंत चार वेळा धनुष्यबाणावर आमदार झाले, मधल्या काळात काही महिने मुख्यमंत्रीही होते. २००५ मध्ये सेना सोडली, आमदारकी सोडली आणि त्याच मालवणातून पोटनिवडणूक लढवली ती काँग्रेसच्या पंज्यावर. मोठ्या फरकाने जिंकले. ज्या मतदारांनी वर्षापूर्वी बाण दाबला होता त्यांनीच हात दाबला. पुढे २०१७ ला स्वतःचा पक्ष, २०१९ ला भाजप, २०२४ ला कमळावर खासदार. पण याचा अर्थ माणूसही कायमचा पक्का, असा नाही. २०१४ ला याच राण्यांना कुडाळात सेनेच्या वैभव नाईकांनी पाडलं होतं. मालवण तेव्हा कुडाळ मतदारसंघात गेलं होतं.

सावंतवाडीचे दीपक केसरकर २००९ ला घड्याळावर, २०१४ पासून धनुष्यबाणावर. आज एकाच राणे घरात वडील आणि एक मुलगा भाजपचे, तर दुसरा मुलगा शिंद्यांच्या सेनेचा आमदार. हे ऐकून भाचा हसला. मी म्हटलं, हसू नको. इथे कुणी 'तुमचा पक्ष कोणता' असं विचारत नाही, 'तुमी कोणाचे?' असं विचारतात. हा प्रश्न आडनावाचाही असतो, वाडीचाही आणि निवडणुकीचाही.

"अमुक पक्षाने इतक्या ग्रामपंचायती जिंकल्या."

निकालाच्या संध्याकाळी टीव्हीवर ही पट्टी फिरते आणि दोन-तीन पक्षांच्या आकड्यांची बेरीज एकूण ग्रामपंचायतींपेक्षा जास्त भरते. महाराष्ट्रात ग्रामपंचायतीची निवडणूक पक्षाच्या चिन्हावर होतच नाही. पॅनल असतात, आयोगाने वाटलेल्या मुक्त चिन्हांतून कुणाला कपबशी येते, कुणाला शिट्टी. एकाच पॅनलमध्ये तीन पक्षांची माणसं सुखाने नांदतात. गुलाल उधळून झाला की सगळे पक्ष त्याच सरपंचाला आपापला म्हणतात. सरपंचही कुणाला नाही म्हणत नाही, कारण निधी कुठून येईल ते सांगता येत नाही.

"अमेरिकेत तसं नसतं, तिथे विचारावर पक्ष ठरतो."

भाच्याचीही हीच समजूत होती. तिथे बऱ्याच राज्यांत मतदार नोंदणी करतानाच पक्ष लिहायची सोय असते. पण त्यासाठी वर्गणी नाही, कार्ड नाही, कुणाची सही नाही. लिहायचं ते मुख्यतः पक्षांतर्गत उमेदवार निवडीच्या मतदानासाठी, आणि कोणताच पक्ष नको असेल तर तसंही लिहिता येतं. आता विचाराचं. गुलामगिरीविरोधातून १८५४ मध्ये रिपब्लिकन पक्ष जन्मला, लिंकन त्याचा पहिला राष्ट्राध्यक्ष. गोऱ्यांचं वर्चस्व जपणारा दक्षिण भाग शंभर वर्षं डेमोक्रॅट होता. १९६४ चा नागरी हक्क कायदा झाला आणि तोच दक्षिण भाग हळूहळू रिपब्लिकनांकडे सरकला. माणसं तीच, वस्ती तीच, निशाणी बदलली. लाल म्हणजे रिपब्लिकन आणि निळा म्हणजे डेमोक्रॅट हा रंगही जुना नाही. २००० सालच्या निवडणुकीत टीव्हीवाल्यांच्या नकाशावरून तो पक्का झाला. त्याआधी वाहिन्या आपापल्या मर्जीने रंग भरत.

देशाच्या अभिमानाचंही तेच. गॅलप ही संस्था २००१ पासून अमेरिकनांना विचारते, अमेरिकन असल्याचा किती अभिमान वाटतो. 'खूप' किंवा 'अत्यंत' म्हणणारे डेमोक्रॅट २०२४ मध्ये ६२ टक्के होते. ट्रम्प परत आल्यावर, २०२५ मध्ये, ३६ टक्के. रिपब्लिकन ९२ टक्के. देश वर्षभरात तेवढा बदलला नव्हता, व्हाइट हाउसमधला माणूस बदलला होता. आणि तिकडच्या शाळांत मुलं छातीवर हात ठेवून ध्वजाची शपथ घेतात ना, ती १८९२ मध्ये लिहिणारे फ्रान्सिस बेलामी हे ख्रिस्ती समाजवादी पाद्री होते. 'देवाच्या छत्राखाली' अशा अर्थाचे शब्द त्यात घुसले १९५४ मध्ये.

"अस्मिता दुखावली की मतं फिरतात."

आता आमच्या दारातली गोष्ट. ४ डिसेंबर २०२३ ला पंतप्रधानांनी मालवणच्या राजकोट किल्ल्यावर शिवरायांच्या ३५ फुटी पुतळ्याचं अनावरण केलं. २६ ऑगस्ट २०२४ ला तो पडला. नऊ महिनेही झाले नव्हते. पैसे राज्य सरकारचे, काम नौदलामार्फत. नटबोल्ट गंजल्याचं पत्र सार्वजनिक बांधकाम खात्याने सहा दिवस आधी नौदलाला पाठवलं होतं. नंतरच्या चौकशीत गंज आणि सदोष वेल्डिंग याच गोष्टी पुढे आल्या. इथल्या कुठल्याही रापणकराला विचारलं असतं तरी त्याने खाऱ्या वाऱ्याचं गणित फुकटात सांगितलं असतं. होडीचा खिळासुद्धा तो दरवर्षी तपासतो.

पुढे काय झालं? राजकोटावर दोन गटांची धुमश्चक्री, मुंबईत जोडे मारो आंदोलन, पंतप्रधानांची पालघरात माफी. सगळ्यांनी भाकीत केलं की सिंधुदुर्गात आता उलटणार. तीन महिन्यांनी विधानसभेचा निकाल आला तेव्हा जिल्ह्यातल्या तिन्ही जागा सत्ताधारी महायुतीच्या होत्या, मालवण ज्यात येतं ते कुडाळसुद्धा. याचा अर्थ लोकांना दुःख झालं नाही असा मुळीच नाही. त्या संध्याकाळी बंदरावर कुणी मोठ्याने बोलत नव्हतं. पण ते दुःख एका कप्प्यात आणि मत दुसऱ्या कप्प्यात. नवा, आधीच्यापेक्षा बराच उंच पुतळा मे २०२५ मध्ये उभा राहिला, तोही सगळे जाऊन पाहून आले.

राजकोटावरून समोर दिसतो तो सिंधुदुर्ग किल्ला १६६४ मध्ये बांधायला घेतला, कुरटे बेटावर. आत राजाराम महाराजांच्या काळातलं शिवराजेश्वराचं देऊळ आहे. तिथल्या महाराजांना दाढी नाही आणि ते बसलेले आहेत. होडीतून उतरलेल्या पर्यटकाला हे पाहून हमखास धक्का बसतो. शिवरायांच्या आरमाराचे अधिकारी कोण, तर दौलतखान आणि मायनाक भंडारी. कुणी कुठला झेंडा इथे आणून रोवायचा ठरवला, तर या दोन नावांना सोबत घेऊनच रोवावा लागेल.

"नौदल दिन मालवणात झाला, म्हणजे तो शिवरायांच्या आरमाराचा दिवस."

नाही. ४ डिसेंबर हा १९७१ च्या युद्धात आपल्या क्षेपणास्त्र नौकांनी कराचीवर हल्ला केला तो दिवस. २०२३ चा सोहळा तारकर्लीला झाला, आधीच्या वर्षी विशाखापट्टणमला, पुढच्या वर्षी पुरीला. आणि नौदलाच्या ध्वजावरचा इंग्रजी क्रॉस? तो सप्टेंबर २०२२ मध्ये गेला आणि शिवरायांच्या राजमुद्रेवरून घेतलेली अष्टकोनी चौकट आली, हे खरं. पण क्रॉस त्याआधी २००१ मध्येही काढला होता. २००४ मध्ये परत आला, कारण पांढऱ्या ध्वजावरचं निळं बोधचिन्ह समुद्र-आकाशात मिसळून जायचं, लांबून ओळखू यायचं नाही. दोन्ही वेळा पंतप्रधान वाजपेयीच होते. खलाशाला ध्वज दिसावा लागतो, बाकीचं नंतर.

"देशाचा अभिमान अमक्याच पक्षाकडे."

याला उत्तर आमच्या जिल्ह्याच्या सीमेवर आहे. १५ ऑगस्ट १९५५ ला देशभरातून आलेले निःशस्त्र सत्याग्रही बांद्याहून पत्रादेवीच्या वाटेने पोर्तुगीजांच्या गोव्यात शिरले. सामूहिक सत्याग्रह नेहरू सरकारला नको होता. तरी समाजवादी, कम्युनिस्ट, जनसंघवाले, सगळे एका समितीत होते. दंडवतेही त्या वर्षी गोव्याच्या सत्याग्रहात होते. पत्रादेवीला शिरलेल्या तुकडीचे म्होरके विष्णुपंत चितळे हे कम्युनिस्ट. तिरंगा हातात होता मध्य प्रदेशच्या सहोदराबाई राय यांच्या. गोळी लागून त्या जखमी झाल्या आणि पुढे काँग्रेसच्या खासदार झाल्या. पंजाबचा तरुण कर्नैल सिंग तिथेच मारला गेला. गोवा मुक्त झाला सहा वर्षांनी, १९ डिसेंबर १९६१ ला.

भाच्याने अर्जावर कोणताच पक्ष लिहिला नाही, असं त्याने नंतर कळवलं. गणपतीला येणार आहे, मोपा विमानतळावर उतरून. मोप्याहून मालवणकडे येताना पत्रादेवी वाटेतच लागते. तुम्हीही त्या रस्त्याने याल, तेव्हा नाक्यापाशी हुतात्मा स्मारक आहे, पाच मिनिटं गाडी थांबवा.