‘लुचत नाही’ आणि ‘लुचेनासे झाले’ : नवजात अर्भकाच्या प्रतिक्षिप्त क्रिया

नवजात अर्भक जन्मतःच काही हालचाली करू लागते. त्या त्यास कोणी शिकविलेल्या नसतात व त्याच्या इच्छेवरही अवलंबून नसतात. विशिष्ट उद्दीपन मिळताच ठराविक प्रतिसाद घडतो. म्हणून त्यांस प्रतिक्षिप्त क्रिया म्हणतात. संज्ञा शास्त्रीय असली, तरी निरीक्षण जुनेच आहे. बाळ ‘लुचते’, ‘दचकते’, ‘मूठ आवळते’ हे प्रयोग मराठी घरांत पूर्वापार रूढ आहेत. या क्रियांचे कार्य कोणते, व त्यांविषयी बोलताना मराठी भाषा कोणता भेद करते, हे पाहणे उद्बोधक ठरेल.

गालास स्पर्श होताच अर्भक त्या बाजूस मान वळवून तोंड उघडते व स्तनाग्र ओठांत येताच लुचू लागते. लुचणे, गिळणे व श्वास घेणे यांचा मेळ गर्भावस्थेच्या ३४व्या आठवड्याच्या सुमारास बसू लागतो. त्यापूर्वी जन्मलेल्या बालकास अंगावर पिणे म्हणूनच कठीण जाते. डोक्याचा आधार एकाएकी सुटल्यास अर्भक दोन्ही हात फैलावते व पुन्हा छातीशी आणते. एर्न्स्ट मोरो या बालरोगतज्ज्ञाने १९१८ मध्ये वर्णिलेली क्रिया ती हीच. पायाच्या तळव्यावर ओरखडा काढल्यास तान्ह्या मुलाचा अंगठा वर वळतो. प्रौढात मात्र हेच लक्षण मज्जासंस्थेच्या विकाराचे द्योतक असते, असे जोसेफ बाबिन्स्की याने १८९६ मध्ये दाखविले. तात्पर्य, लक्षण एकच असले तरी वयानुसार त्याचा अर्थ पालटतो.

मोरोची क्रिया व मुठीची पकड साधारणतः सहाव्या महिन्यापर्यंत मावळतात. मेंदूचे वरिष्ठ भाग परिपक्व होऊन हालचालींचे नियंत्रण हाती घेतात, हे त्याचे रूढ स्पष्टीकरण होय. तथापि ते सर्वत्र पुरेसे नाही. उभे धरल्यास नवजात बालक पावले टाकते. दोनएक महिन्यांनी ही क्रिया दिसेनाशी होते. एस्थर थेलेन व तिच्या सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये दाखविले, की अशा मुलास छातीपर्यंत पाण्यात धरले असता पावले पुन्हा पडू लागतात. म्हणजे क्रिया नष्ट झालेली नसते. पायांचे वजन स्नायूंच्या बळापेक्षा वेगाने वाढलेले असते.

लुचण्याची क्रिया भाषाभ्यासकास आणखी एका कारणाने महत्त्वाची वाटावी. पीटर आयमस व सहकाऱ्यांनी १९७१ मध्ये एक व चार महिन्यांच्या मुलांवर प्रयोग केले. मूल रबरी बोंडले जोराने चोखी तेव्हा त्यास एक ध्वनी ऐकू येई. ध्वनी परिचित झाला की चोखणे मंदावे. ‘ब’च्या जागी ‘प’ येताच ते पुन्हा वाढे. एकाच वर्णाच्या कक्षेतील तेवढ्याच ध्वनिभेदाने मात्र तशी वाढ होत नसे. बोलू न शकणाऱ्या जीवाने वर्णभेद ओळखल्याची साक्ष या जन्मजात क्रियेनेच दिली.

आता मराठीतील भेदाकडे वळू. ‘बाळ लुचत नाही’ व ‘बाळ लुचेनासे झाले’ ही वाक्ये समानार्थी नव्हेत. पहिल्यात केवळ अभाव सांगितला आहे. क्रिया पूर्वी होती की नव्हती, हे त्यातून कळत नाही. दुसऱ्यात पूर्वी चालू असलेली क्रिया थांबल्याचे व्याकरणच सांगते. वैद्यकदृष्ट्याही हा भेद मोलाचा आहे. जन्मापासून न लुचणारे बालक बहुधा अपुऱ्या दिवसांचे किंवा जन्मवेळी गुदमरलेले असू शकते; नीट पिणारे बाळ लुचेनासे झाल्यास जंतुसंसर्गाची शंका प्रथम घ्यावी लागते. दोहोंतही विलंब घातक असतो. परंतु शोधाची दिशा निराळी असते.

गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने १९९५ पासून ३९ गावांत नवजात बालकांची घरोघरी काळजी घेण्याचा प्रयोग केला. प्रशिक्षित ग्रामीण स्त्रिया जी लक्षणे पाहत, त्यांत लुचणे मंदावणे वा थांबणे, रडणे क्षीण होणे व हातपाय लुळे पडणे यांचा समावेश होता. तिसऱ्या वर्षी, तुलनेसाठी निवडलेल्या गावांच्या मानाने, नवजात मृत्युदरात सुमारे ६२ टक्के घट झाल्याचे १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले. हे श्रेय अर्थातच एका लक्षणाचे नसून संपूर्ण उपाययोजनेचे होते. २०११ पासून घरभेटींची अशी योजना देशभर आशा कार्यकर्तींकडे सोपविण्यात आली. जुन्नर तालुक्यातील निमगाव सावासारख्या गावीही पहिल्या ४२ दिवसांतील या भेटींमध्ये प्रथम ऐकावयाचे असते ते मातेचे म्हणणे.

ते म्हणणे नोंदवहीत उतरविताना ‘लुचेनासे झाले’ याचे ‘लुचत नाही’ असे सुलभीकरण होऊ नये. ‘कालपर्यंत पीत होते’ ही माहिती त्या एका क्रियारूपात साठविलेली असते. रूप बदलले, की नोंदीतून ती नाहीशी होते. आणि नवजात बालकाच्या आजारात कित्येकदा तेवढीच माहिती वेळेवर हाती आलेली असते.