सोंग आधी, संवाद मागाहून

१९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ प्रसिद्ध झाला. चार-सहा जण टेबलाभोवती बसतात, प्रत्येक जण एकेक पात्र घेतो आणि बोलत बोलत गोष्ट पुढे नेतो. पात्रांचे मूळ वर्ग तीनच: योद्धा, जादूगार, धर्मोपदेशक. आपल्या पात्राला काय करता येईल एवढेच वर्ग सांगतो. कसे बोलावे याचा नियम नाही. तरीही योद्धा झालेला खेळाडू पुष्कळदा ठासून बोलू लागतो, जादूगार झालेला कोड्यात. असे का व्हावे?

हा प्रश्न मराठी नाटकाने फार पूर्वी हाताळला आहे. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीत ‘सीतास्वयंवर’ केले. त्या परंपरेत पद्ये रचलेली असत, सूत्रधार ती गाई. संवाद मात्र लिहिलेले नसत. नटाने ते आयत्या वेळी बोलायचे. मग तो अडत कसा नसे? कारण सोंगांची वाटणी ठरलेली असे: राजापार्टी, स्त्रीपार्टी, राक्षसपार्टी. राक्षस कोणताही असो, ‘अललल डुर्र’ ही आरोळी ठरलेली! नटाला पुढच्या वाक्यासाठी सगळी भाषा धुंडाळावी लागत नसे. राक्षसाला शोभणारा एकच कप्पा उघडला की काम भागे. शिवाय समोरच्यालाही त्या कप्प्याचा अंदाज असे, म्हणून त्याचेही उत्तर तयार. कोकणातला दशावतार आजही बहुधा याच बळावर, लिखित संहितेवाचून, रात्रभर चालतो.

१८६१ साली वि. ज. कीर्तने यांचे ‘थोरले माधवराव पेशवे’ आले. यात संवाद लिहिलेले होते. माधवराव पेशवे १७७२ मध्ये पुण्याजवळच्या थेऊरला क्षयाने वारले. असा माणूस राजापार्टीच्या ठेवणीतल्या बोलण्यात कसा मावणार? लेखणीने नटाची उत्स्फूर्तता काढून घेतली, पण एका माणसापुरती भाषा दिली. आम्हाला हा सौदा वाईट वाटत नाही.

वर्गात ‘विहिरीचे पाणी कुणाला?’ अशी चर्चा आपण सोंगे वाटून घेतो, तेव्हा एरवी गप्प बसणारी मुलगी सरपंच होताच बोलू लागते. तिला कप्पा मिळालेला असतो. पण दांडगट मुलाला दर खेपेस सावकारच केले, तर तो कप्पा त्याला चिकटू लागतो. तीच चर्चा आठवड्याने सोंगे बदलून पुन्हा घ्यावी. कोणती वाक्ये सोंगाबरोबर दुसऱ्याकडे गेली आणि कोणती मूळ मुलाच्याच तोंडी राहिली, हे मुलांनाच वहीत टिपू द्यावे.