घड्याळाची किंमत आणि घडणावळ

श्रोतेहो, जळगावच्या सराफ्यात दागिना घ्यायला गेलेले गिऱ्हाईक दोन गोष्टी वेगवेगळ्या विचारते. आजचा भाव काय, आणि मजुरी किती? कधी शाळेची पायरी न चढलेली म्हातारीसुद्धा हा हिशेब चुकत नाही. दोन पाटल्या वजनाने सारख्या असल्या, तरी एकीवरची नक्षी बारीक असेल तर तिचे पैसे जास्त पडतात. आणि पुढे मोड करायची वेळ आली, तर सोन्याचे पैसे येतात, मजुरीचे येत नाहीत, हेही तिला पक्के ठाऊक असते. आज हाच हिशेब आपण घड्याळाला लावून पाहू या.

निमित्त असे घडले. पारोळ्याकडचे एक निवृत्त मुख्याध्यापक माझ्या परिचयाचे आहेत. त्यांचा एक जुना विद्यार्थी परदेशात नोकरीला आहे. त्याने गुरुजींना दोन घड्याळांची चित्रे पाठवली आणि लिहिले, "गुरुजी, बरीच वर्षे पैसे बाजूला टाकले आहेत. यातले एक घ्यावे असे मनात आहे. दोन्ही एकाच कारखान्याची, दिसायला सख्ख्या भावांसारखी, पण एकाची किंमत दुसऱ्याच्या दुप्पट. आई म्हणते, तेवढ्या फरकात आपल्या विहिरीचे काम होईल. दुप्पट पैशांत दुप्पट काय मिळते, ते तुम्ही समजावून सांगा."

गुरुजींनी उभा जन्म एच.एम.टी.चे चावीचे घड्याळ वापरले. बंगळूरच्या या सरकारी कारखान्याने १९६१ साली जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने घड्याळे बनवायला सुरुवात केली आणि पुढे कितीतरी मास्तरांच्या मनगटावर तीच दिसू लागली. २०१६ साली सरकारने तो घड्याळांचा उद्योग बंद करण्याचा निर्णय घेतला. गुरुजींचे घड्याळ मात्र चालूच आहे. विद्यार्थ्याचे पत्र घेऊन ते माझ्याकडे आले, आणि आम्ही दोघे कागद पेन्सिल घेऊन बसलो.

प्रथम हे घड्याळ कसले, ते पाहू. त्याला क्रोनोग्राफ म्हणतात. नेहमीची वेळ दाखवणारे घड्याळ आणि शर्यतीच्या मैदानावरचे स्टॉपवॉच, हे दोन्ही त्यात एकाच पेटीत बसवलेले असतात. या ग्रीक शब्दाचा अर्थ 'काळ लिहिणारा'. १८२१ साली निकोलस रियुसेक या फ्रेंच घड्याळजीने घोड्यांच्या शर्यतीसाठी असे यंत्र केले. बटण दाबले की ते तबकडीवर शाईचा ठिपका टाकी. म्हणजे ते खरोखरच लिहीत असे. पुढे शाई गेली, नाव राहिले.

अशा घड्याळाला दोन बटणे असतात. वरचे दाबले की मोठा सेकंदकाटा धावू लागतो, पुन्हा दाबले की थांबतो. खालचे दाबले की काटा झटक्यासरशी शून्यावर येतो. हे शून्यावर येणे कसे होते? काट्याच्या आसावर बदामाच्या आकाराची एक बारीक चकती असते. बटण दाबताच एक हातोडी तिच्या कडेवर आपटते. बदाम कुठल्याही बाजूला वळलेला असो, हातोडीच्या दाबाने तो फिरतो आणि खाचेकडची बाजू हातोडीसमोर आली की स्थिर होतो. ती खाच म्हणजेच शून्य. शिक्षकांना पुठ्ठ्याचा बदाम कापून, मधोमध टाचणी लावून आणि कडेवर पट्टी दाबून हे वर्गात सहज दाखवता येईल.

आता ती दोन घड्याळे. दोन्ही स्वित्झर्लंडच्या ओमेगा कंपनीची, 'स्पीडमास्टर' या नावाची, पोलादी, हाताने चावी देण्याची. हे नाव १९५७ पासूनचे. अमेरिकेच्या अंतराळ संस्थेने १९६५ साली कसून चाचण्या घेऊन अंतराळवीरांसाठी हे घड्याळ पसंत केले. १९७० साली अपोलो १३ यानात बिघाड झाला, तेव्हा परतीच्या वाटेवर यानाची दिशा सुधारण्यासाठी इंजिन १४ सेकंद चालवायचे होते. ते १४ सेकंद अंतराळवीरांनी याच जातीच्या घड्याळावर मोजले. नावाला किंमत चढते ती अशा प्रसंगांनी.

पहिले, म्हणजे स्वस्तातले घड्याळ, २०२१ साली बाजारात आले. स्वस्तातले म्हटले तरी कित्येक लाखांचे, हे ध्यानात असू द्या. त्याच्या यंत्राचा क्रमांक ३८६१. दुसरे २०२० सालचे, त्याच्या यंत्राचा क्रमांक ३२१. हे ३२१ यंत्र जुने. १९६९ साली चंद्रावर उतरलेल्या बझ ऑल्ड्रिनच्या हातावर तेच होते. १९६८ पासून कंपनीने त्याच्या जागी नवे यंत्र वापरायला सुरुवात केली होती आणि आजचे ३८६१ त्या नव्या घराण्यातले. मग पन्नास वर्षांनी जुने ३२१ पुन्हा घडवून दुप्पट किमतीला विकायला काढले.

दोहोंतला मुख्य फरक पोटात आहे. बटण दाबल्यावर कोणत्या दांडीने उचलायचे आणि कोणत्या दांडीने खाली यायचे, हा हुकूम देणारा एक भाग असतो. ३२१ मध्ये हे काम एक खांबांचे चाक करते. देवळाच्या गोल मंडपाला जसे खांब, तसे त्या इवल्याशा चाकावर उभे खांब असतात. दांडीचे टोक खांबावर टेकले की दांडी उचललेली राहते, दोन खांबांच्या मध्ये पडले की खाली येते. प्रत्येक खांब नीट कापावा आणि घासावा लागतो. ३८६१ मध्ये त्या जागी उंचसखल कडेची चपटी पट्टी असते. ती सरकली की दांड्या वरखाली होतात. पट्टी घडवायला सोपी, आणि हजारोंनी केल्या तरी सारख्या निघतात. खांबांच्या चाकाचे बटण बोटाला थोडे मऊ लागते. काम मात्र दोघांचे एकच.

मग वेळेचे काय? गुरुजींची पेन्सिल इथे थांबली. स्वस्तातल्या घड्याळाची स्वित्झर्लंडच्या सरकारी मापन संस्थेच्या नियमांप्रमाणे तपासणी होते. दिवसात ते मागे पडता कामा नये, आणि पुढे गेले तर पाच सेकंदांहून अधिक नाही, अशी अट असते. त्यातली केसासारखी बारीक कमान सिलिकॉनची असल्यामुळे लोहचुंबकाचा तिच्यावर परिणाम होत नाही. ही गोष्ट लहान नाही. साधे घड्याळ मोठ्या लाउडस्पीकरवर ठेवले, तर कमानीचे वेढे चुंबकाने एकमेकांना चिकटतात आणि घड्याळ भलतेच पुढे धावते. दुप्पट किमतीच्या घड्याळाला हे प्रमाणपत्रही नाही आणि ही कमानही नाही.

मोजणीचेही तसेच. स्वस्तातल्या यंत्राचे ठोके तासाला २१,६००, म्हणजे सेकंदाला सहा. त्याचा काटा एक षष्ठांश सेकंदाची पावले टाकतो. महागातल्याचे ठोके तासाला १८,०००, म्हणजे सेकंदाला पाच. त्याचे पाऊल एक पंचमांश सेकंदाचे. शाळेतला एखादा मुलगा शंभर मीटर साडेबारा सेकंदांत धावला, तर त्याचा वेग सेकंदाला आठ मीटर झाला. एक पंचमांश सेकंदात तो १.६ मीटर पुढे जातो, एक षष्ठांशात सुमारे १.३ मीटर. म्हणजे दुप्पट पैसे दिलेले घड्याळ थोडे ढोबळच मोजते. आणि मैदानावर काही शे रुपयांचे इलेक्ट्रॉनिक स्टॉपवॉच या दोघांनाही मागे टाकते. नेहमीच्या वेळेचेही तेच. सेलवर चालणारे साधे क्वार्ट्‌झ घड्याळ महिन्याला साधारण पंधरा सेकंदच चुकते.

"मग दुप्पट पैसे घेतात कशाचे?" गुरुजींनी विचारले. उत्तर सराफ्यातलेच आहे: मजुरीचे. कंपनी सांगते की ३२१ चे एकेक घड्याळ वेगळ्या कार्यशाळेत एकच कारागीर आरंभापासून शेवटपर्यंत जुळवतो. ती थोडी बनतात. त्यांची ठेवण १९६५ साली यानाबाहेर अंतराळात तरंगलेल्या एड व्हाइट यांच्या घड्याळासारखी आहे. म्हणजे घडणावळ, दुर्मिळपणा आणि आठवण, या तिन्हींचे ते पैसे.

पण नुसते 'खांबांचे चाक आहे' एवढे ऐकून कोणी भुलू नये. चीनमधील तिआनजिन येथील सी-गल कारखान्याने स्वित्झर्लंडच्या व्हीनस कंपनीचे जुने यंत्र आणि त्याची हत्यारे घेऊन १९६० नंतरच्या काळात आपल्या वैमानिकांसाठी क्रोनोग्राफ बनवला. त्यातही खांबांचेच चाक आहे, चावीही हातानेच द्यायची, आणि तशी घड्याळे आजही ओमेगाच्या किमतीच्या अगदी लहानशा अंशात मिळतात. तेव्हा भागाच्या नावाला किंमत नसते. तो भाग किती निगुतीने घासला, जुळवला आणि तपासला, त्याला असते.

क्रोनोग्राफचा एक उपयोग आपल्या वाटेवरचा. स्पीडमास्टरच्या काचेभोवती आकड्यांची एक कडी असते. जळगावहून एरंडोल, पारोळ्यावरून धुळ्याकडे एस.टी.ने जाताना किलोमीटरच्या एका दगडापाशी बटण दाबावे आणि पुढच्या दगडापाशी पुन्हा दाबावे. काटा ४५ सेकंदांवर थांबला, तर कडीवर ८० हा आकडा दिसेल. गाडीचा वेग तासाला ८० किलोमीटर. यात जादू नाही. तासाचे ३,६०० सेकंद भागिले ४५, एवढेच. साध्या सेकंदकाट्याच्या घड्याळावर मुलांना हे गणित घालता येते, त्याला लाखाचे घड्याळ लागत नाही.

आपले स्वतःचे घड्याळ किती खरे, हेही घरी पाहता येते. संध्याकाळी सातच्या बातम्या सुरू होताना ते सेकंदासह लावावे. सात दिवसांनी त्याच रेडिओवर, त्याच बातम्यांच्या वेळी किती फरक पडला तो पाहावा आणि त्याला सातांनी भागावे. मधल्या काळात काटे हलवू नयेत, आणि चावीचे असेल तर रोज एकाच वेळेला चावी द्यावी. विकत घेताना दुकानदार काय म्हणतो यापेक्षा हा सात दिवसांचा हिशेब खरा.

आणखी एक गोष्ट महाग घड्याळ घेण्यापूर्वी विचारावी. उघडणार कोण? क्रोनोग्राफच्या पोटात साध्या घड्याळापेक्षा कितीतरी अधिक दांड्या, चाके आणि बारीक स्प्रिंगा असतात. काही वर्षांनी तो उघडून, धुऊन, तेल देऊन पुन्हा जुळवावा लागतो. तालुक्याच्या गावातला घड्याळजी सेल आणि पट्टा बदलून देईल, पण या कामाला त्या यंत्राचा जाणकार आणि अस्सल सुटे भाग लागतात. त्यासाठी मोठे शहर गाठावे लागते आणि बिलही तसेच मोठे येते. घड्याळाच्या किमतीत हा खर्च आधीच धरून ठेवावा.

गुरुजींनी त्या रात्री विद्यार्थ्याला उत्तर लिहिले. मला त्यांनी ते वाचून दाखवले, म्हणून त्याचा सारांश सांगतो. त्यांनी लिहिले, "बाळ, पैसा तुझ्या कष्टाचा आहे, तेव्हा हौसेला मी नाही म्हणत नाही. पहिले घड्याळ घेतलेस तर तू चांगली वेळ आणि थोडी हौस घेशील. दुसरे घेतलेस तर कारागिराचा हात आणि जुनी आठवण घेशील. कारागिराच्या हाताला दाम देणे काही वाईट नव्हे, आपल्या आयांनी पाटल्यांच्या नक्षीला दिलेच आहे. पण ते वेळ अधिक चांगली दाखवते म्हणून महाग आहे, असे आईला सांगू नकोस. ते खरे नाही. आणि विहिरीचे काम किती दिवस थांबू शकते, ते घड्याळवाल्याला नाही, आईला विचार."

श्रोतेहो, वस्तू कोणतीही असो, घड्याळ असो, पंप असो की मोटारसायकल, दोन भाव समोर आले की हाच प्रश्न करावा: यात वजन किती आणि मजुरी किती? दोन्हींचे पैसे द्यायला हरकत नाही. कशाचे किती दिले, ते आपल्याला ठाऊक असले म्हणजे झाले.