पान ओळखणारे, पान वाचणारे

पहिला पाऊस झाला की मुरबाड-शहापूरच्या बाजारात शेवळं येतात. जांभळट कोंबांच्या जुड्या आणि शेजारी आंबट काकडांचे वाटे. ठाकर, कातकरी बाया शेवळांबरोबर काकडंही घ्यायला लावतात, ते उगीच नव्हे. शेवळात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, त्यांनी घसा खाजतो. म्हणून आतला पिवळा दाणेदार भाग काढून टाकायचा आणि भाजी काकडांच्या आंबटाबरोबर शिजवायची. रसायनशास्त्राचा हा धडा इथे सासूकडून सुनेकडे चुलीपाशीच पोचला.

या चुलीपाशीच्या विद्येला मुरबाड तालुक्यात श्रमिक मुक्ती संघटना आणि वननिकेतन यांनी रानभाजी महोत्सवांतून चारचौघांत आणलं. २०२० पासून कृषी विभागही ९ ऑगस्टला, जागतिक आदिवासी दिनी, असे महोत्सव भरवतो. कुर्डू, टाकळा, भारंगी, लोत, दिंडा यांच्या हिरव्या जुड्या आणि शेजारी शिजवलेल्या भाज्या. पानं हाताळायची, चुरडून वास घ्यायचा, चव पाहायची आणि जिने ती रानातून आणली तिलाच विचारायचं.

पुस्तक तर हवंच. डॉ. वामन गणेश देसाईंचा ‘औषधीसंग्रह’ १९२७ चा. मराठी वाचकाला वनस्पतींचे गुण मराठीत वाचायला देणारा. पण नुसत्या नावावर भागत नाही. कुड्याचंच घ्या. जुलाबावर दिलं जाणारं कुटजारिष्ट पांढऱ्या कुड्याच्या सालीचं. काळा कुडा दिसायला त्याचा भाऊच; दोघांनाही पांढरा चीक, दोघांच्याही शेंगा जोडीनं. मात्र काळ्या कुड्याच्या कोवळ्या शेंगा टोकाशी एकमेकींना चिकटलेल्या असतात, पांढऱ्याच्या सुट्या. पुस्तकातली ही ओळ फांदी हातात घेतली की एका क्षणात कळते आणि मग विसरत नाही.

अशी ओळख किती मोलाची, हे गुळवेलीनं दाखवलं. करोनाच्या काळात शहापूरच्या कातकरी तरुणांनी वनधन केंद्रामार्फत गुळवेल गोळा केली आणि मोठ्या औषध कंपन्यांकडून ३५० टनांची, दीड कोटीहून अधिक रुपयांची मागणी मिळवली. त्याच सुमारास गुळवेल घेतलेल्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचं मुंबईतल्या डॉक्टरांनी नोंदवलं. २०२२ मध्ये आयुष मंत्रालयानं खुलासा केला : खऱ्या गुळवेलीसारखीच दिसणारी दुसरी जात आहे, तिच्या खोडावर गाठी असतात, दुधासारखा चीक येतो, ती टाळा. वाद सगळा मिटला नाही, पण वेल ओळखता येणं ही औषधाची पहिली पायरी, हे त्यातून ठसलं. ती पायरी रानात वाढलेल्या माणसांच्या पायाखालची आहे.

२००२ च्या जैवविविधता कायद्याखाली गावोगावी लोक जैवविविधता नोंदवह्या लिहायच्या असतात. त्यांत वनस्पतीचं नाव येतं, उपयोग येतो. माझी एकच मागणी आहे : सांगणारीची संमती घेऊन तिचं नावही तिथे यावं. सतराव्या शतकात मलबारच्या वनस्पतींवरचा ‘हॉर्टस मलबारिकस’ हा बारा खंडी ग्रंथ ॲम्स्टरडॅमला छापताना रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट या कोंकणी वैद्यांची साक्ष नागरी लिपीत, त्यांच्या नावांसकट छापली गेली. साडेतीनशे वर्षांपूर्वी डचांच्या ग्रंथात जे जमलं, ते मुरबाडच्या नोंदवहीत का जमू नये? शेवळाची जुडी बांधणाऱ्या हाताचं नाव लिहायला एका ओळीची जागा पुरते.